दुर्बिणीखालचे चार स्क्रू

रायफलवरच्या दुर्बिणीला दोन ठिकाणी आधार असतो. या दोन आधारांमधलं अंतर साधारण १० सेंटिमीटर. त्यातला एक आधार फक्त ०.१ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीइतका, बाजूला सरकला तर १०० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला लागते. ३०० मीटरवर हीच चूक ३० सेंटिमीटरची होते. यामागचं गणित शाळेतल्या समरूप त्रिकोणांचं. चांगल्या शिकारी रायफलीने १०० मीटरवर तीन गोळ्या अडीच-तीन सेंटिमीटरच्या वर्तुळात बसवाव्यात अशी अपेक्षा असते. कागदभर सरकलेला आधार त्या सगळ्यावर पाणी फिरवतो.

हा आधार जागच्या जागी धरून ठेवायचं काम चार बारक्या स्क्रूंकडे असतं. अमेरिकेत, जिथे हरणांच्या शिकारीचा हंगाम लाखो घरांत दरवर्षीचा ठरलेला कार्यक्रम आहे, या स्क्रूंचं एक जुनं माप रूढ आहे: ६-४८. यातला ६ हा जाडीचा क्रमांक. त्याचा अर्थ ०.१३८ इंच, म्हणजे साडेतीन मिलिमीटर. आणि ४८ म्हणजे एका इंचात अठ्ठेचाळीस आटे. लांबी जेमतेम सहा-सात मिलिमीटर. जोरदार धक्का देणाऱ्या रायफलींसाठी ८-४० हे जाडसर माप वापरतात, ते चार मिलिमीटरहून थोडं जास्त. रचना सोपी आहे. रायफलचा पोलादी गाभा म्हणजे रिसीव्हर, त्यावर स्क्रूंनी आवळलेला बेस, बेसवर दोन रिंगा आणि रिंगांमध्ये दुर्बीण. म्हणजे एकदा दुर्बीण चढली की बेसचे स्क्रू तिच्याखाली झाकले जातात आणि वर दिसतात ते फक्त रिंगांचे.

त्यामुळे होतं काय, की नेम सरकला की खापर भलत्यावरच फुटतं. कोणी काडतुसांची कंपनी बदलतं, कोणी श्वासाला आणि हाताच्या थरथरीला दोष देतं, कोणी सरळ नवी महागडी दुर्बीण विकत घेतं आणि ती त्याच सैल बेसवर चढवतं. जाणता गनस्मिथ असली तक्रार आली की दुर्बिणीला हात लावण्याआधी पाना हातात घेतो. हे स्क्रू सैल का होतात ते एकदा नीट उमगलं, तर ते कसे आवळायचे हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

स्क्रू आट्यांमुळे धरतो, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो धरतो स्वतःच्या ताणामुळे. स्क्रूचं डोकं बेसवर टेकल्यानंतर आपण जे आणखी पिळतो, त्याने स्क्रूचा दांडा किंचित लांबतो. लांबलेलं पोलाद परत आखूड होऊ पाहतं आणि त्या ओढीने बेस रिसीव्हरवर दाबला जातो. ही दाबून धरण्याची ताकद म्हणजे खरी पकड. बेस पुढे-मागे सरकत नाही तो स्क्रूच्या दांड्याला अडून नव्हे, तर या दाबातून निर्माण झालेल्या घर्षणामुळे.

ही पकड किती असते? ६-४८ स्क्रू साधारण २० इंच-पाउंड, म्हणजे सव्वादोन न्यूटन-मीटर इतक्या टॉर्कने, म्हणजे पिळाच्या जोराने, आवळला, तर कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या सूत्रानुसार एका स्क्रूची पकड तीनशे किलोच्या पुढे जाते. साडेतीन मिलिमीटर जाडीचा एक स्क्रू तीनशे किलोंनी दाबतो! आणि त्यासाठी लागणारा जोर पाहा: अ‍ॅलन कीच्या ७ सेंटिमीटर लांबीच्या बाजूवर टोकाला सव्वातीन किलो. दोन बोटांचं काम. म्हणूनच मूठ आवळून, दात-ओठ खाऊन पिळणाऱ्या माणसाच्या हातून या स्क्रूचे आटे जातात किंवा डोकं तुटतं.

यात एक मेख आहे. आपण जो टॉर्क लावतो त्यातला साधारण निम्मा स्क्रूच्या डोक्याखालच्या घर्षणात खर्च होतो, चाळीस टक्के आट्यांमधल्या घर्षणात, आणि जेमतेम दहा टक्के खऱ्या पकडीसाठी उरतो. म्हणजे घर्षण थोडं जरी बदललं तरी पकड भलतीच बदलते. आट्यांत गंज, जुना वाळलेला डिंक किंवा लोखंडाचा कीस असेल तर टॉर्क मोजणारा पाना, म्हणजे टॉर्क पाना, ठरल्या आकड्यावर ‘टक’ करतो खरा, पण पकड निम्मीही बसलेली नसते. उलट आटे तेलकट असतील तर त्याच आकड्याला पकड दीडपट होऊ शकते आणि बारका स्क्रू आतल्या आत तुटतो. टॉर्क पान्याचा आकडा विश्वासाचा ठरतो तो स्वच्छ आट्यांवरच. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये कुठलाही बोल्ट बसवण्याआधी तेलाचा थेंब सोडायची सवय असते. इथे ती सवय घातक आहे.

आता रायफलचा धक्का पाहू. अमेरिकेत चांगल्या रुळलेल्या .३०-०६ काडतुसाने साडेतीन-पावणेचार किलोची रायफल मागे जाते ती सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने. हा वेग तिला मिळतो दोन-तीन मिलिसेकंदांत. वरची दुर्बीण मात्र जडत्वाने जागच्या जागी राहू पाहते. तिला रायफलबरोबर मागे खेचून नेण्याचं काम त्या घर्षणाचं. दुर्बीण आणि रिंगा मिळून ६०० ग्रॅम धरल्या तर हिशोबाने ही ओढ शंभर किलोच्या आसपास येते. चार स्क्रूंची मिळून पकड बाराशे किलो, आणि धातूवर धातूचं घर्षण पकडीच्या पंधरा टक्के धरलं, तर बेस जास्तीत जास्त १८० किलोंपर्यंतची ओढ सोसेल. म्हणजे नीट आवळलेला बेस सुखरूप आहे. पण पकड निम्म्यावर आली की हीच मर्यादा ९० किलो होते, आणि मग प्रत्येक गोळीला बेस केसभर सरकू लागतो. बेस आणि रिसीव्हर यांच्यामध्ये तेलाचा पापुद्रा राहिला, तर पकड पूर्ण असूनही घर्षण कमी पडतं. माझ्या मते या सगळ्या विषयात सर्वांत दुर्लक्षित बाब हीच: लोक आटे पुसतात, पण बेसचा तळ पुसत नाहीत.

सरकण्याची सुरुवात झाली की पुढचं काम झपाट्याने होतं. स्क्रू उभे आणि धक्का आडवा, ही मांडणीच मुळात वाईट. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. आवळलेल्या बोल्टवर आडवी, मागेपुढे होणारी हालचाल घडवणारं यंत्र त्याने वापरलं आणि दाखवून दिलं की बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणारे हादरे तितकेसे बाधत नाहीत. आडव्या हालचालीने मात्र चांगला घट्ट बोल्टही पाहता पाहता स्वतःहून उलटा फिरून सुटतो. कारण आटे हा दांड्याभोवती गुंडाळलेला एक उतारच आहे. ट्रकला लावलेल्या तिरक्या फळीवर जड खोकं ठेवलं तर ते घर्षणामुळे जागेवर राहतं, पण त्याला आडवा धक्का दिला की आडवं सरकता सरकता ते उतारावरून खालीही येतं. एका दिशेने घर्षण मोडलं की ते सगळ्याच दिशांनी मोडतं. स्क्रूच्या बाबतीत खाली येणं म्हणजे सैल होण्याच्या दिशेने फिरणं. प्रत्येक गोळीला अंशाचा एखादा भाग. युंकरच्या या यंत्रावरची चाचणी पुढे जर्मन प्रमाणांत दाखल झाली आणि आजही बोल्ट सैल होतो की नाही हे तपासायला ‘युंकर चाचणी’च लावतात.

दुर्बिणीच्या स्क्रूचं खरं दुखणं मात्र त्याच्या आखूडपणात आहे. आपण म्हटलं की स्क्रू लांबतो म्हणून धरतो. पण किती लांबतो? दांड्याचा ताण घेणारा भाग ५ मिलिमीटरचा धरला आणि ओढ तीनशे किलोंच्या पुढची, तर लांबी वाढते सुमारे ०.०११ मिलिमीटर. शतांश मिलिमीटरच्या जरा वर. आपल्या डोक्याचा केस याच्या सहा-सात पट जाड असतो. सगळी पकड एवढ्याशा ताणावर उभी आहे.

आणि धातूचे पृष्ठभाग आपल्याला दिसतात तितके सपाट नसतात. त्यांच्यावर बारीक उंचवटे असतात, रंगाचा किंवा अ‍ॅनोडायझिंगचा थर असतो. आवळल्यानंतर आणि पहिल्या काही गोळ्यांच्या दणक्यांनी हे उंचवटे चेपले जातात. हे बसणं तीन-चार सहस्रांश मिलिमीटरचं असलं, तरी आपल्या शतांशाच्या ताणातला तिसरा हिस्सा गेला. स्क्रू अंशभरही न फिरता पकड एक तृतीयांशाने उतरली! लांब बोल्टला हे सोसतं, कारण तो दसपट लांबलेला असतो. आखूड स्क्रूला सोसत नाही. स्क्रूवर खुणेची रेघ मारून ‘रेघ हलली नाही, म्हणजे स्क्रू घट्ट आहे’ असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. रेघ हलली तर स्क्रू नक्की सैल झाला आहे, पण रेघ जागेवर आहे म्हणून पकडही जागेवर आहे असं म्हणता येत नाही.

थंडीचाही यात हात आहे. बेस बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा आणि स्क्रू पोलादी. अ‍ॅल्युमिनियम तापमानागणिक पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकसतं. अमेरिकेच्या उत्तरेकडचा शिकारी ऑगस्टच्या उन्हात रायफल झिरो करतो, म्हणजे दुर्बीण आणि गोळी यांचा मेळ बसवतो, आणि नोव्हेंबरात बर्फात उभा राहतो. चाळीस अंशांच्या या फरकात बेस स्क्रूपेक्षा जास्त आकसतो आणि पकडीतला दहा टक्क्यांहून जास्त भाग निसटू शकतो. आधीच काठावर असलेल्या स्क्रूला एवढं पुरतं.

मग उपाय? पहिला सगळ्यांना सुचतो तो स्प्रिंग वायसरचा. तो विसरा. चिरलेल्या कड्यासारखा हा वायसर पूर्ण आवळला की चपटा होतो आणि साध्या वायसरपेक्षा जास्त काहीही करत नाही. ‘नासा’च्या १९९० सालच्या बोल्ट-स्क्रूविषयीच्या मार्गदर्शक पुस्तिकेत त्याच्याबद्दल हेच स्पष्टपणे लिहिलं आहे. आणि दुर्बिणीच्या स्क्रूखाली त्याला जागाही नसते.

दुसरा उपाय आट्यांत लावायच्या लॉकिंग द्रवाचा. त्याची गोष्ट मोठी रंजक आहे. १९४० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत एक द्रव सापडला. हवा मिळत असेपर्यंत तो पातळ राहायचा, हवा तुटली की घट्ट व्हायचा. पण तो पातळ ठेवायला त्यात सतत हवेचे बुडबुडे सोडावे लागत, म्हणून तो बाजारात आणणं अवघड होतं. कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ साली त्यावर तोडगा काढला, आणि त्यातून ‘लॉकटाइट’ जन्माला आलं. हवा नसणं आणि धातूचा स्पर्श या दोन्ही गोष्टी जुळल्या की हा द्रव आट्यांमधल्या पोकळीत कडक प्लास्टिक होतो. त्याची बाटली मुद्दाम अर्धवट भरलेली असते, आतल्या द्रवाला हवा मिळावी म्हणून. दुकानदाराने फसवलं असं वाटून घेऊ नका.

या कंपनीच्या रंगांची पद्धत बऱ्याच जणांनी उचलली आहे: जांभळा हलक्या पकडीचा, निळा मध्यम, लाल कायमचा. लाल द्रव इथे वापरूच नये. तो सोडवायला सुमारे अडीचशे अंश सेल्सिअसची उष्णता लागते, सोल्डरिंगचं तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर धरावं लागतं आणि तेवढ्यात डोक्याची खाच झिजते. बहुतेक जण बेसच्या स्क्रूंना निळा लावतात. मी ६-४८ सारख्या बारक्या स्क्रूला जांभळाच योग्य मानतो, कारण तो अशाच लहान स्क्रूंसाठी बनवलेला आहे आणि पुढे काढताना डोकं शाबूत राहतं. रिंगांच्या स्क्रूंना मात्र कुठलाच द्रव लावू नये. ओला द्रव आट्यांत तेलासारखं काम करतो. ठरल्या टॉर्कला पकड वाढते आणि रिंग दुर्बिणीची नळी चेपते. नळी अ‍ॅल्युमिनियमची, आत भिंगांचा नाजूक संच. चेपलेल्या नळीत झूमची कडी अडकते, नेम फिरवायच्या टरेटचे टप्पे नीट बसत नाहीत, आणि नळीवर उमटलेला वळ जन्मभर राहतो.

आता प्रत्यक्ष काम. आधी रायफल रिकामी करा, चेंबर बंद करणारा तिचा बोल्ट काढून बाजूला ठेवा, काडतूस बसतं त्या चेंबरमध्ये बोट घालून खात्री करा. मग रिसीव्हरची भोकं, स्क्रू, बेसचा तळ आणि रिंगांचा आतला भाग अ‍ॅसिटोनने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडे करा. बेस बसवून एकेक स्क्रू एकटाच लावून पाहा. पुढचा स्क्रू बऱ्याच रायफलींत बंदुकीच्या नळीच्या आट्यांच्या वर येतो. तो पाव मिलिमीटरने जरी लांब असला तरी तळाला टेकतो. हाताला घट्ट लागतो, पाना ‘टक’ करतो, पण बेस दाबलाच जात नाही. एक स्क्रू आवळल्यावर बेसचं दुसरं टोक बोटाने हलतंय का, एवढ्या परीक्षेत हे कळतं. स्क्रू लांब असेल तर तो कानशीने घासून आखूड करावा लागतो.

नंतर सगळे स्क्रू टॉर्क पान्याने कोरडेच आवळा, सोडा, पुन्हा आवळा. मघाशी पाहिलेले ते उंचवटे इथेच चेपून घ्यायचे, गोळ्यांच्या दणक्याची वाट पाहायची नाही. मग स्क्रू काढून आट्यांवर द्रवाचा एक बारीक थेंब, शेवटचं आवळणं, आणि चोवीस तास रायफल कपाटात. द्रव वाळल्यानंतर ‘बघू या घट्ट आहे का’ म्हणून पुन्हा पाना लावू नका. तसं केलं की प्लास्टिकची पकड तुटते.

रिंगा रेलवर बसवताना आणखी एक बारकावा आहे. पिकॅटिनी रेल नावाची खाचांची पट्टी १९९५ साली अमेरिकी लष्कराचं प्रमाण झाली आणि आता शिकारी रायफलींवरही सर्रास दिसते. रिंगेचा आडवा बोल्ट या खाचेत बसतो, पण खाचेपेक्षा तो किंचित बारीक असतो. आवळण्याआधी रिंग बंदुकीच्या नळीच्या तोंडाकडे, म्हणजे पुढे, दाबून धरा. रायफल मागे जाते तेव्हा दुर्बीण पुढे सरकू पाहते, हे आपण पाहिलं. बोल्ट आधीच खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकलेला असला की सरकायला जागाच उरत नाही. हा आडवा बोल्ट जाड असतो, काही रिंगांवर त्याला ६५ इंच-पाउंडापर्यंत टॉर्क सांगितलेला असतो. रिंगांच्या वरच्या अर्ध्या भागांच्या, म्हणजे टोप्यांच्या, स्क्रूंना मात्र १५ ते १८ इंच-पाउंड पुरे. हे टोप्यांचे स्क्रू आलटून-पालटून, अर्धा-अर्धा फेरा देत, दोन्ही बाजूंची फट सारखी राहील असे आवळायचे. एका बाजूने आवळत गेलात तर दुर्बीण रिंगेत फिरते आणि आतली उभी रेघ तिरकी होते. कंपनीच्या पत्रकावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

पहिल्या वीस-पंचवीस गोळ्यांनंतर रिंगांचे स्क्रू पुन्हा एकदा ठरल्या आकड्याला तपासा. मग प्रत्येक डोक्यापासून रिंगेपर्यंत पिवळ्या रंगाची किंवा नेलपॉलिशची रेघ ओढा. तिच्या मर्यादा मघाशी सांगितल्याच, तरीही दुरून एका नजरेत धोका दाखवणारी याहून स्वस्त युक्ती नाही.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. महाराष्ट्राने रायफल नेमबाजीत मोठी नावं दिली. अंजली भागवत, २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती ठरलेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. त्यांच्या या प्रकारांत दुर्बीण चालत नाही, छिद्रातून नेम धरावा लागतो. पण ५० मीटरच्या लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं असतं. तिथे दस्त्याला रायफल जोडणाऱ्या स्क्रूंचा टॉर्क बदलला तरी गोळ्यांचा ग्रुप पसरतो, म्हणून या खेळात टॉर्क पाना हे नेहमीचं हत्यार आहे.

दुर्बीण दिसते ती हौशी लोकांच्या स्प्रिंगच्या एअर रायफलवर, आणि तिथे गंमत उलटी आहे. स्प्रिंग सुटून पिस्टन पुढे जातो तेव्हा रायफल मागे येते. पिस्टन पुढच्या दाबलेल्या हवेवर आपटून थांबतो तेव्हा रायफलला पुढे जोरदार हिसका बसतो. या दुसऱ्या हिसक्याने दुर्बीण मागे, डोळ्याच्या दिशेने सरकते. छर्रा हलका, आवाज बारीक, म्हणून माणूस गाफील राहतो, पण दोन्ही दिशांचा हा मार मोठ्या रायफलीच्या दुर्बिणीलाही झेपत नाही. अशा रायफलींवरच्या ११ मिलिमीटरच्या गुळगुळीत खाचेवर पकड नुसत्या घर्षणाची असते. तेव्हा मागच्या रिंगेला खालून पिन असलेला माउंट घ्या आणि ती पिन रायफलवरच्या भोकात अडकवा. ती नसेल तर स्क्रू कितीही आवळा, दुर्बीण सरकणारच.

तुमची रायफल अचानक दोन ठिकाणी ग्रुप मारू लागली, किंवा झिरो दर आठवड्याला हलू लागला, तर दुर्बीण विकायला काढण्याआधी ती उतरवा आणि तिच्याखालचे चार स्क्रू तपासा. इंच-पाउंडांत मोजणारा एक बरा टॉर्क पाना चांगल्या दुर्बिणीच्या किमतीच्या छोट्याशा हिश्श्यात येतो. दुर्बीण घ्याल त्याच दिवशी तोही घ्या.